थर्झा ब्लॅकेटचे गुडघे

टफनेल मालकांच्या नाटक कंपनीत सगळ्यात झिजलेली वस्तू कुठली, असं कुणी विचारलं असतं, तर लोकांनी पडद्याचं नाव घेतलं नसतं. थर्झा ब्लॅकेटच्या गुडघ्यांचं घेतलं असतं. राजापुढे मुलाच्या जिवाची भीक मागणाऱ्या आया, सुलतानाच्या पायाशी लोळणाऱ्या दासी, कबरीपाशी कोसळणाऱ्या विधवा, सगळी कामं तिच्या वाट्याची. फळ्यांवर आदळून आदळून गुडघ्यांना घट्टे पडले होते. खेळ संपला की ती त्यांना बदकाची चरबी चोळत बसे आणि रंगपटातल्या तरण्या नट्यांना सांगे, "चेहरा काय, पावडरीखाली झाकता येतो. गुडघे सांभाळा गं पोरींनो."

तिचा जन्मही नाटकातलाच. कंपनी एका शेतकऱ्याच्या कोठारात खेळ करत होती, आई तिसऱ्या अंकापर्यंत उभी होती आणि चौथ्या अंकात थर्झा झाली. पाचवा अंक आईच्या जागी कुणी उभा केला, हे तिला कुणी धड सांगितलं नाही, आणि ते विचारायचं तिनं कधी सोडलं नाही. घर म्हणून तिला ठाऊक होती ती सामानाची गाडी आणि तिच्यावरची स्वतःची पेटी. यॉर्कशरच्या गावांतून फिरत फिरत कंपनी दर शरदात व्हिटबीच्या बंदरावर यायची, कारण त्याच सुमारास देवमासे मारायला गेलेली जहाजं परत यायची. खलाशांच्या खिशात पैसे असायचे, आणि महिनोन्‌महिने बर्फाखेरीज काही न पाहिलेली ती माणसं वरच्या स्वस्त गॅलरीत दाटीवाटीनं बसून रंगमंचावरच्या कागदी झाडालासुद्धा टाळी द्यायची. ती थर्झाला मावशी म्हणत.

तिचा नवरा नॅट राजाची कामं करायचा. काय आवाज, काय उभं राहणं! खऱ्या राजानं चार गोष्टी शिकून जाव्यात असा. पण डरहॅमकडच्या एका गावी पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या बाकांवर, बसलेल्या जमीनदाराला वाटलं, की नाटकातला 'मूर्ख' हा शब्द नॅटनं आपल्याकडे बघून उच्चारला. दुसऱ्या खेळाला पिटातून आरोळी उठली, "माफी! गुडघ्यावर!" ही त्या काळची रीतच होती. प्रेक्षक रुसले की नटानं पुढे यायचं, दिव्यांच्या रांगेपाशी गुडघे टेकायचे, हात छातीशी धरायचे, आणि मग मंडळींनी मोठ्या मनानं टाळ्या वाजवायच्या. जणू माणूस माणसापुढे वाकला की नाटक अधिक रंगतं. नॅटनं पोटाकडे बघितलं आणि गुडघे टेकले.

टाळ्या पडल्या. पण त्यानंतर नॅट राजा होऊन सिंहासनावर बसला की गॅलरीतून कुणीतरी हमखास ओरडे, "महाराज, गुडघे!" एका गावाची थट्टा दुसऱ्या गावाला कंपनीच्या आधी पोचते. नॅटचे राजे गेले, मग सरदार गेले, शेवटी तो भाला धरून दुसऱ्याच्या सिंहासनामागे उभा राहायला लागला, आणि तसाच एका हिवाळ्यात खोकून खोकून गेला. त्याचा राजाचा लाल झगा थर्झानं पेटीच्या तळाशी घालून ठेवला. नॅटला पुरून आली त्या दिवशी तिनं मनाशी एक गाठ मारली. भूमिकेत माणूस हजारदा गुडघे टेको, त्याचं काही जात नाही. स्वतःच्या नावानं एकदा टेकले, की पुन्हा राजा होता येत नाही.

आता त्या शरदातली गोष्ट. थर्झाचं सगळ्यात गाजलेलं काम होतं काळ्या जाळीतल्या विधवेचं. ही विधवा तोंडावर जाळी ओढून तिसऱ्या अंकात येते आणि नवऱ्याच्या मारेकऱ्याला, म्हणजे ड्यूकला, भर दरबारात शाप देते. हँडबिलावर तसं नाव छापून झालं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी थर्झाला ताप भरला, घसा बसला, तोंडातून शब्द फुटेना. बंदरावर उकडलेले शिंपले विकणाऱ्या ज्युडी हार्बॉटलच्या मागच्या खोलीत तिचं बिऱ्हाड होतं. ज्युडीनं तिच्या छातीवर मोहरीचा लेप थापला आणि मालकांना निरोप धाडला, की मावशी आज उठत नाही.

मालकांपुढे दोन वाटा होत्या. पडद्यापुढे जाऊन बदल जाहीर करायचा, तर पिटातली मंडळी पैसे परत मागणार, आणि मागतानाच बाकंही मोडणार. आदल्या साली त्यांनी ते करून दाखवलं होतं. दुसरी वाट सगळ्याच कंपन्या धरतात ती. मालकांनी आपल्या बायकोच्या, सोफीच्या तोंडावर काळी जाळी टाकली आणि तिला थर्झा म्हणून आत ढकललं. सोफी बिचारी गुणी, पण तिची दाढ ठणकत होती आणि सकाळपासून ती ब्रँडीच्या चुळा भरत होती. चुळांतली काही ब्रँडी बाहेर पडली, बरीचशी आत गेली. तिसऱ्या अंकात विधवेनं ड्यूकला सोडून पाद्र्यालाच शाप दिला, मधेच उचकी दिली आणि आधाराला म्हणून महालाचा खांब धरला. खांब कापडाचा होता. तो तिच्याबरोबर खाली आला. गॅलरी हसून हसून आडवी झाली.

शनिवारी 'हार्बर हेरल्ड' आला. त्यात नाटकांवर लिहिणारा इसम स्वतःला 'अर्गस' म्हणवायचा, म्हणजे जुन्या कथांतला शंभर डोळ्यांचा राक्षस. तो कोण हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो लॉर्न नावाचा तरुण वकील, त्या साली नवाच आलेला. त्या शंभर डोळ्यांपैकी नव्वद बॉक्समधल्या, म्हणजे बाजूच्या महागड्या बैठकांतल्या, बायकांकडे असायचे आणि उरलेले हँडबिलाकडे. त्यानं लिहिलं होतं: 'मिसेस ब्लॅकेट या विधवेच्या भूमिकेत होत्या की मद्याच्या अमलात, हे ठरवणे प्रेक्षकांस कठीण गेले. या नगरीच्या सभ्य रसिकांची त्यांनी गुडघे टेकून क्षमा मागणे उचित होय.'

ज्युडीला वाचता येत नव्हतं. पण कागदावर एकाच मजकुरात ब्लॅकेट नाव कितीदा तरी आलंय, असं कुणीतरी सांगितल्यावर तिला वाटलं कौतुकच असणार. रश्श्याच्या वाटीबरोबर तिनं तो अंक मोठ्या अभिमानानं खाटेपाशी आणून ठेवला. थर्झानं वाचलं. ताप उतरायला आणखी दोन दिवस लागतील असं वैद्य म्हणाला होता. तो त्याच दुपारी उतरला. संतापासारखं औषध नाही.

संध्याकाळी टफनेल मालक आले. ज्युडीच्या खोलीत हेरिंगचं पिंप तेवढं बसायला होतं, त्यावर बसले. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग हवेची, मग घसा खाकरून झाला.  थर्झाला हा प्रवेश पाठ होता.

"सोमवारी तू आत आलीस की ते ओरडणार," मालक शेवटी म्हणाले. "जरा टेक गुडघे. संपलं. रोज टेकतेस की."

"रोज टेकते ती राणी असते मालक, नाहीतर विधवा. थर्झा कधी टेकत नाही."

"लोकांना कुठं फरक कळतो?"

"नॅटच्या वेळी चांगला कळला होता."

 नॅटबरोबर मालकांनीही उमेदवारी केली होती. मग ते हळू आवाजात आपलं गाऱ्हाणं मांडायला लागले. खरं सांगितलं तर बदल लपवला म्हणून लोक थिएटर फोडतील. सोफीचं हसं होईल, तिला कुठल्याच गावात तोंड दाखवता येणार नाही. 'हेरल्ड'वाल्यांशी वाकडं घ्यावं, तर गावात छापखाना तेवढा एकच. थर्झानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही अशी. तेव्हा मालक उठले आणि दारात उभं राहून म्हणाले, "मग ऐक. टेकणार नसशील, तर पुढच्या गावाला तुझी पेटी माझ्या गाडीवर चढणार नाही."

"पेटी हलकी आहे. मी उचलीन," थर्झा म्हणाली. "आणि घाबरू नका, सोफीचं नाव मी घेणार नाही. ते तुमच्यासाठी नव्हे. दाढ ठणकत असताना पोरगी माझ्या जागी उभी राहिली, म्हणून."

हे म्हणणं सोपं होतं. मालक गेल्यावर मात्र ती खाटेवर बसून हिशेब करायला लागली. या वयात दुसऱ्या कंपनीनं तिला घ्यायचं कशासाठी? आया आणि विधवा सगळीकडे असतात. व्हिटबीत राहून ज्युडीबरोबर शिंपले विकायचे, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर आलं. तेही चालेल, तिनं ठरवलं. शिंपले उभ्यानं विकतात.

सोमवारी थिएटर खच्चून भरलं होतं. एरवी नाटकाला न फिरकणारे कॉफीच्या अड्ड्यावरचे सभ्य गृहस्थ पिटात काठ्या घेऊन बसले होते. त्यातल्या निम्म्यांनी आदला खेळ पाहिलाच नव्हता, त्यांनी तो वाचला होता. अर्गस बॉक्समध्ये मान ताठ करून होता. तिसऱ्या अंकात काळी जाळी घेऊन थर्झानं पाऊल आत टाकलं आणि छप्पर उडेल असा गलका झाला. "माफी! गुडघ्यावर!" काठ्या आपटायला लागल्या. संत्र्याच्या साली येऊन पडायला लागल्या. विंगेत मालक दोन्ही हातांनी खाली, खाली, असं खुणावत होते.

थर्झा चालत दिव्यांच्या रांगेपर्यंत आली. तिनं तोंडावरची जाळी मागे टाकली आणि उभी राहिली. काहीच केलं नाही, नुसती उभी. कुणी ओरडत असताना नुसतं उभं राहणं किती कठीण, ते उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. एक साल तिच्या गालावर बसली; तिनं ती झटकली नाही. ओरडणाऱ्याला दम लागतोच कधीतरी. पिटालाही लागला.

तेवढ्या फटीत ती बोलली. आवाज अजून खरखरीत होता, पण तो शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"मी गुडघे टेकणार नाही. त्या दिवशी जे झालं ते वाईट झालं, आणि ते मी केलेलं नाही. मी इथं नव्हतेच. कोण होतं ते मी सांगणार नाही. ज्यांना शंभर डोळे आहेत, त्यांना विचारा."

माना बॉक्सकडे वळल्या. पिटातल्या एका गृहस्थानं उठून विचारलं, की हँडबिलावर नाव तुमचं, मग तुम्ही नव्हता याला पुरावा काय? थर्झा उत्तर देणार, तोच वर गॅलरीतून ज्युडी हार्बॉटलचा आवाज आला. बंदरावर वाऱ्याच्या वरताण ओरडून शिंपले विकणारा तो आवाज.

"पुरावा मी. ती माझ्या खोलीत पडली होती, छातीवर मोहरी थापलेली. माझी सगळी मोहरी संपली. कुणाला बघायचं असेल तर कातडं अजून लाल आहे, पण दाखवणार नाही, तुमची लायकी नाही ती."

गॅलरीत हशा फुटला, आणि हशापाठोपाठ खलाशांची तोंडं सुटली. आम्हाला त्या दिवशीच संशय आला होता, देवमाशांवर भाला फेकणारा एकजण ओरडून म्हणाला. मावशीला आम्ही एवढी वर्षं बघतो, ती मरेल पण भलत्या माणसाला शाप देणार नाही. त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. गॅलरीला विचारतो कोण?

पण गर्दीचा राग विझत नाही, नुसता घर बदलतो. आता पिटाला मालक हवे झाले. "फसवणूक! टफनेल! टफनेल गुडघ्यावर!" मालक विंगेतून बाहेर आले तेव्हा त्यांचा टोप वाकडा झाला होता आणि ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. आणि त्यांच्यामागून, कुणी बोलावलं नसताना, सोफी आली. सुजलेला गाल फडक्यानं बांधलेला, अंगात पुढच्या प्रहसनातल्या स्वयंपाकिणीचे कपडे. ती सरळ दिव्यांपाशी गेली, म्हणाली, "मी होते ती," आणि स्कर्ट दोन्ही हातांनी सावरून गुडघे वाकवायला लागली.

थर्झानं तिला कोपराला धरलं. सोफी अर्धी वाकली होती. तिथून तिला खाली जाता येईना, कारण थर्झाचा हात सुटेना.

"उठ," थर्झा म्हणाली. "या फळ्यांवर आज कुणी गुडघे टेकणार नाही. मालकसुद्धा नाहीत." मग ती पिटाकडे वळली. "तुम्हाला खेळ बघायचाय की माफी, ते ठरवा. एका तिकिटात दोन्ही मिळणार नाही."

मालकांना तेवढ्यात त्यांचा आवाज सापडला. बदल लपवला ती चूक माझी, ते उभ्यानंच म्हणाले. पुढे कधी बदल झाला तर पडदा उघडायच्या आधी सांगेन. हे ऐकून पिट शांत झालं असतं की नाही, देव जाणे. पण पुढच्या बाकावर जहाजांचा एक म्हातारा मालक बसला होता. तो काठी मांडीवर आडवी ठेवून मोठ्यानं म्हणाला, की बाई, मला शाप ऐकायचाय, माझी मंडळी घरी वाट बघतेय. लोक हसले, बसले. सोफी आणि मालक आत गेले. थर्झानं जाळी पुन्हा तोंडावर ओढली आणि ड्यूकला असा काही शाप दिला, की ड्यूकचं काम करणारा नट आपलं पुढचं वाक्य विसरला.

इथंच गोष्ट संपायची. पण शनिवारी 'हेरल्ड' परत आला.

अर्गसानं लिहिलं होतं: 'मिसेस ब्लॅकेट यांनी सभ्य रसिकांच्या इच्छेस मान देऊन गुडघे टेकले व साश्रू नयनांनी क्षमा मागितली. रसिकांनी ती उदारपणे दिली.' माना बॉक्सकडे वळल्या, तेव्हाच गडी मागच्या दारानं पसार झाला होता. पुढे काय झालं ते त्यानं पाहिलं नाही. काय व्हायला हवं होतं ते त्याला ठाऊक होतं, तेवढ्यावर त्यानं लेखणी चालवली.

रंगपटात सगळे तिची समजूत घालायला लागले. जाऊ दे गं, गावानं डोळ्यांनी बघितलंय. पेटीचा विषय सोफीनं मालकांना परत काढू दिला नव्हता. मग आता दुखणं कसलं? थर्झा म्हणाली, "गावानं बघितलंय. पुढच्या गावानं नाही. तिथं कंपनीच्या आधी हा कागद जातो." नॅटची थट्टा कशी पायाला चाकं लावून पळत असे, ते ती विसरली नव्हती. हिचं तर छापूनच निघालं होतं.

हंगामाच्या शेवटी प्रत्येक नटाचा एक बेनिफिटचा खेळ असे, त्याची कमाई त्या नटाची. त्या दिवसाचं नाटक त्यानं निवडायचं, हवं ते काम घ्यायचं आणि हँडबिलाचा मजकूरही आपला आपण लिहायचा. थर्झानं मजकूर लिहिला आणि घेऊन गेली सरळ 'हेरल्ड'च्या छापखान्यात. छापखाना तेवढा एकच, हे मालकांनी सांगितलंच होतं. छापणारा म्हातारा डॉड अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता कुणाची बाजू घेत नसे. पैसे देईल त्याचं छापायचं, त्याला तेवढंच ठाऊक. त्यानं मजकूर वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, हे असंच छापू?

"असंच. तुमच्याकडचे सगळ्यात मोठे खिळे लावा."

"सगळ्यात मोठे लाकडाचे आहेत. जहाजांच्या लिलावाला वापरतो."

"तेच लावा."

दुसऱ्या दिवशी बंदरापासून वरच्या चर्चपर्यंत भिंती त्या हँडबिलांनी भरल्या. मिसेस ब्लॅकेट यांच्या बेनिफिटचा खेळ. आणि खाली, लिलावाच्या जहाजाएवढ्या अक्षरांत: 'राजाचे काम मिसेस ब्लॅकेट करतील, ज्यांनी गुडघे टेकले नाहीत.' सगळ्यात खाली, रिवाजाप्रमाणे, छापणाऱ्याचं नाव, म्हणजे 'हेरल्ड'चंच. ज्या छापखान्यानं तिला गुडघ्यावर आणलं, त्यानंच तिला उभं केलं. अर्गस त्या आठवड्यात कॉफीच्या अड्ड्यावर दिसला नाही. थर्झानं एक गठ्ठा पेटीत टाकला, पुढच्या गावांसाठी.

राजाचं काम नॅटचं होतं. बाईनं राजा होणं त्या काळी नवलाचं नव्हतं, पण त्या तरण्या, पायांनी सुबक नट्या असत. थर्झा ठेंगणी, रुंद, केस पिकलेले. तिनं पेटीच्या तळाचा लाल झगा काढला. तो खाली लोळत होता. सोफीनं किनार आत दुमडून टाके घालून दिले आणि टाके घालताना एकदाही वर बघितलं नाही, कारण तिचे डोळे भरले होते.

पडदा उघडला. थर्झा सिंहासनाच्या पायऱ्या चढली, गुडघे करकरले, आणि ती बसली. ही तीच जागा, जिथं नॅट बसला की वरून आवाज यायचा. तिनं गॅलरीकडे सरळ बघितलं आणि वाट पाहिली. नक्कलेत, म्हणजे नाटकाच्या वहीत, पहिलं वाक्य तिचंच होतं, ते तिनं मुद्दाम धरून ठेवलं. या, म्हणा काय म्हणायचंय ते.

वर बाकं वाजली. एक खलाशी उठला होता, मग त्याच्या शेजारचा, मग ज्युडी, मग सगळी गॅलरी. कुणी काही ओरडलं नाही. ते नुसते टोप्या काढून उभे राहिले, कारण राजा बसल्यावर आपण बसायचं नसतं, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. खाली पिटातली मंडळी वळून वर बघत राहिली, आणि मग तीही एकेक करून उठली.

थर्झानं हात हलवून सगळ्यांना बसायला सांगितलं. नंतर तिनं पहिलं वाक्य म्हटलं, आणि फितूर सरदाराचं काम करणारे टफनेल मालक पुढे येऊन तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. नक्कलेत तसंच होतं.